फ, कंसात क्ष, स्वल्पविराम, य

रविवार कारंज्याजवळ, झेरॉक्सच्या मागच्या खोपटात
मी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करतो.
पान वीस रुपये, समीकरण असेल तर पस्तीस.
खैरनार मॅडमचा प्रबंध सगळाच पस्तिसाचा.

एकशे बाराव्या पानावर मी क्ष आणि य उलटे टाकले.
त्यांनी लाल शाईने गोल केला, रागावल्या नाहीत,
बाकावर बसून चहा मागवला.
‘वडनेरे, क्रम चुकला की माणूस बदलतो.
फ मध्ये आधी क्ष घाला, मग य, तर क्ष परत मिळायला हवा.
आधी य, मग क्ष, तर य.
दोघं मिळून जागेवर राहतात.
याला म्हणायचं युग्म स्थिर बिंदू.’

‘आणि दोघं एकच झाले तर?’
‘होतातही. पण तशी अट नाही.’

मला तांबट आळी ऐकू आली.

अण्णा आणि बापूकाका. मधली भिंत एक, दुकानं दोन.
एकोणीस वर्षं अबोला;
कारण विचारलं तर दोघं निरनिराळं सांगतात
आणि दोन्हींत एक बंब असतो.
अण्णा घंगाळ मठारतात, काका तिकडे कळशी.
इकडचा घाव चढला की तिकडचा उतरतो,
तिकडचा उतरला की इकडचा अजून चढतो.
आजचा ठोका कालच्या दोन ठोक्यांतून निघतो,
थोडा आपला, थोडा त्याचा.
लहानपणी मला वाटायचं, मी भांडण ऐकतोय.

मॅडमच्या अवकाशात अंतराची रीतच निराळी.
त्रिकोण तिथे चालत नाही.
दोन टोकांमध्ये एकच माणूस उभा केला तर हिशेब लागत नाही,
दोन लागतात; चौकोन झाला की मग काही म्हणता येतं.
हे मी न समजता टाइप केलं असतं,
पण आमच्या आत्याने एकटीने मध्ये पडून पाहिलंय.
दोघांनीही तिच्याशी बोलणं टाकलं.
तेव्हापासून निरोप जातो अण्णांकडून शकूमावशीकडे,
मावशीकडून कल्हईवाल्या मुनीरचाचांकडे,
चाचांकडून काकांकडे.
वीजबिल, मोडीचा भाव, आत्याच्या मुलीचं लग्न,
सगळं तीन टप्प्यांनी.
सरळ गेलं तर अकरा पावलं. मी मोजली आहेत.

‘अशा अवकाशात एक जपायचं,’ मॅडम म्हणाल्या,
‘एखादी क्रमिका जवळ जवळ येत जाते
आणि एकाच वेळी दोन ठिकाणी पोचते.’
त्यांचं बिस्किट चहात पडलं.
चमच्याने शोधलं त्यांनी, मिळालं नाही.

फेब्रुवारीत काकांना ताप भरला, दुकानाच्या माडीवर झोपून होते.
अण्णांनी घंगाळ ऐरणीवर घेतलं,
दोन घाव घातले, थांबले.
पुन्हा दोन. थांबले.
फ, कंसात क्ष, स्वल्पविराम,
पुढे काही नाही, कंस बंद होईना.
पत्रा एका अंगाला पातळ होत गेला आणि फुटला.
अण्णांच्या हातून भोक मी पहिल्यांदा पाहिलं.

शकूमावशीला हाक गेली.
‘त्याला म्हणावं, औषध घे. माझं काम बिघडतंय.’
मावशीकडून चाचांकडे. चाचांनी भट्टी विझवली,
हात पुसले, नवसागराचा वास घेऊनच जिना चढले.
उत्तर दुपारी आलं, त्याच वाटेने, उलट्या क्रमाने :
‘फुटल्याचं ऐकलं मी. डाख लाव, पत्रा मोडीत देऊ नको.’

प्रमेय सांगतं, असा बिंदू असतो.
किती दिवसांनी, ते सांगत नाही;
मी सगळी दोनशे चार पानं पाहिली.
एकशे बारावं फुकट पुन्हा करून दिलं.

चौथ्या सकाळी, सव्वानऊच्या सुमारास,
भिंतीपलीकडून एक घाव. हलका.
अण्णांनी मान वर केली नाही.
हातोडा फक्त रोजच्यापेक्षा जरा जास्त उचलला.