अंजनेरियाची तिकिटं

भोंगा झाला की सारं नाशिकरोड घड्याळं लावायचं.
बाबा, रंगनाथ विसपुते, खोदकाम विभाग,
प्रेसच्या गेटवर हात वर करून झडती द्यायचे,
डबा उघडून दाखवायचे, चपला झटकून.
तीस वर्षांत पेन्सिलीचं टोकसुद्धा घरी आलं नाही.

आला तो एक देश.
डोक्यातून आणलेला, म्हणून सापडला नाही.

अंजनेरिया. राजधानी सातपूरबुर्ग.
पंतप्रधान एल्मार दिंडोर्स्की:
मिशा जेल रोडच्या न्हाव्याच्या,
कपाळ फोरमनचं,
हनुवटी कुणाची ते बाबांनी सांगितलं नाही.
कागद रद्दीतला, डिंक बाभळीचा,
भोकं आईच्या शिवणयंत्रावर, दोरा न ओवता.
आई म्हणायची, तुमच्या राष्ट्रापायी सुया बोथट होतात.

पहिलं तिकीट पाच पैशांचं, विटकरी.
शाळामास्तर दिंडोर्स्की घंटेखाली उभा.
नगरपालिकेला घंटा उतरवून भोंगा बसवायचा होता.
तो म्हणाला, घंटेला माणूस लागतो,
माणसाला उशीर होऊ शकतो,
आणि उशीर हा आपला जुना हक्क आहे.
हे सांगताना बाबा हसत नसत.

वीस पैसे, हिरवं: उंबरठा पक्षाची स्थापना.
अकरा माणसं, चहाचे बारा पेले.
बारावा कुणाचा?
जो पुढं त्याला पाडणार त्याचा, बाबा म्हणाले,
भिंगावरून डोळा न काढता.
जाहीरनामा एका ओळीत मावला होता:
आत येणाऱ्यानं आधी खाली बघावं.

रुपयाचं जांभळं, शपथविधीचं.
मग रांगच लागली. दिंडोर्स्की धरणावर,
दिंडोर्स्की वासराला कुरवाळताना,
दिंडोर्स्की किलोग्रॅम नाकारताना.
त्या चित्रात तो नुसता शेरानं तांदूळ मोजतोय,
इतकं मन लावून
की मला त्याचं म्हणणं पटलं होतं.
मी नऊ वर्षांची.

ज्या वर्षी संप झाला
त्या वर्षी बाबा सतराव्या दिवशी कामावर गेले.
गेटवर खैरनार काकांनी तोंड फिरवलं
आणि पुन्हा आमच्याकडं वळवलं नाही.

त्या साली अंजनेरियात एकच तिकीट निघालं.
घंटा ओतणाऱ्या कामगारांचा चौक, रिकामा.
मधोमध एक चप्पल, डाव्या पायाची,
अंगठ्याचे टाके मोजता येतील इतकी बारीक कोरलेली.
किमतीवर काळी पट्टी.
पंतप्रधान कुठाय?
खिडकीत.
खिडकी कुठाय?
चित्राबाहेर, बाबा म्हणाले, आणि दिवा मालवला.

नंतरच्या सगळ्या तिकिटांवर तो एका बाजूनंच दिसतो.
लोक त्याला निवडून देत राहिले, चारदा.
पाचव्या वेळी पक्षानंच त्याला
उंबरठ्याशी थांबवलं.
बाराव्या पेल्याचं नाव बाबांनी कधी खोदलं नाही.

शेवटचं तिकीट निवृत्तीच्या आठवड्यातलं.
चौकट, दाते, देशाचं नाव,
चेहऱ्याच्या जागी कागद.
मेला का तो?
छे. सकाळी दूध आणायला जातो आता, म्हणाले,
आणि पिशवी घेऊन उठले.

बाबा गेले त्याला यंदा तिसरं वर्ष.
खण आवरताना ते चौकाचं तिकीट हाती आलं.
खैरनार काकांच्या लेकीला, वडनेरला, चार ओळी लिहिल्या,
पाकिटावर तेच डकवलं
आणि नाशिकरोडच्या पेटीत टाकलं.
कशासाठी, मला नीट सांगता येणार नाही.

आठवड्यानं तिचा फोन आला.
म्हणाली, दुप्पट आकार घेतला पोस्टमननं, दहा रुपये,
कारकुनानं निळ्या पेन्सिलीनं गोल केलाय चपलेभोवती.
मी म्हटलं, देते तुझे दहा रुपये.
ती थोडा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, चार टाके, एक तिरका.
तो अंगठा आमच्या आईनं शिवला होता.