किरकोळ

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढलं की
डावीकडे दातांचा दवाखाना, उजवीकडे आमचं ऑफिस.
दोन महिने मी तिथं जनसंपर्क शिकले
ड्रिलच्या आवाजात.

पहिल्या आठवड्यात भडंगाची पाकिटं मोजली.
पत्रकार येणार वीस, पाकिटं तीस,
कारण फोटोग्राफर दोन नेतात
आणि नाही म्हणायचं नसतं.
बिरनाळे मॅडम म्हणाल्या, हे वहीत लिही.
लिहिलं.
हेही लिहिलं, की फोटोतली नावं डावीकडून द्यायची,
पण आधी चेअरमन,
चेअरमन उजव्या टोकाला असले तरी.

माझ्या पहिल्या प्रेसनोटवर लाल पेन फिरला.
"मी काढ. आम्ही काढ.
करण्यात आले. देण्यात आले. व्यक्त करण्यात येत आहे."
मला ते आवडलं, खरं सांगते.
कर्ता नसलेलं वाक्य
लाँड्रीतून आलेल्या शर्टासारखं,
आत कुणी नाही, म्हणून घडी मोडत नाही.

जानेवारीत कुपवाडच्या एका शाळेत
स्नेहसंमेलनाला आमच्या डेअरीचं बदाम दूध गेलं.
आमच्या म्हणजे आमच्या क्लायंटच्या,
तोवर मीही 'आमच्या' म्हणू लागले होते.
एक्केचाळीस मुलं दवाखान्यात.
रात्रीपर्यंत सगळी घरी.
मॅडम पुण्याला, भाचीच्या साखरपुड्यात.
नोट मी लिहिली.

काही विद्यार्थ्यांना किरकोळ त्रास जाणवला.
तातडीने उपचार करण्यात आले.
दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.

खाली संपर्कासाठी नंबर लागतो.
ऑफिसचा फोन बिलापायी बंद होता.
मी माझा टाकला.

सकाळी तिन्ही पेपरांत शब्द न् शब्द आली.
कात्रणाचा फोटो पलूसला बाबांना पाठवला.
त्यांचा अंगठा आला,
आणि लगेच एक अनोळखी फोन.

"किरकोळ तुमीच लिवलंयसा न्हवं?"
बाईचा आवाज, मागे कारखान्याचा भोंगा.
"किरकोळ म्हंजे किती येळा?
माजा शिवतेज अकरा येळा ओकला.
बाराव्याला नुसतं पाणी.
मोजलंय मी. बादली मीच धरली हुती."

दखल घेण्यात आली आहे,
एवढंच तोंडाशी आलं.
पलीकडे ड्रिल सुरू झालं, काही ऐकू येईना,
आणि मला बरं वाटलं.
त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

ड्रिल थांबलं. बाई थांबलेलीच होती.
म्हटलं, "मी लिहिलं ते. मी चेलना मगदूम.
किरकोळ लिहायला नको होतं."

मला वाटलं आता शिव्या.
ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता दूध दिऊ का त्याला?
उटल्यापास्नं दूधच मागतंय."

"मला माहीत नाही. विचारून सांगते."
जिन्यापलीकडे गेले. खुर्चीत कुणीतरी आ करून.
डॉक्टरांनी मास्क खाली ओढला,
माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी,
"दोन दिवस नको. भाताची पेज. मीठ घाल म्हणावं."
मी फोन लावला. पेज, म्हटलं. मीठ घालून.
"बरं," ती म्हणाली, आणि ठेवला.

मॅडम आल्या. कात्रणं पाहिली, खूश झाल्या.
"फक्त नंबर स्वतःचा टाकत जाऊ नकोस,
लोक फोन करतात."
हे वहीत लिही, असं त्या म्हणाल्या नाहीत.

कॉलेजला अहवाल दिला, अठ्ठावीस पानं, स्पायरल.
त्यात तक्ता आहे: प्रसिद्ध बातम्या नऊ,
एकूण एकशे चौदा कॉलम सेंटिमीटर.
पेज नाही.
प्रमाणपत्रात 'प्रमाणित करण्यात येते की',
कुणाकडून, ते वाचता येत नाही, शिक्का सहीवर बसलाय.

नंबर मोबाइलमध्ये आहे, 'शिवतेजची आई'.
तिचं नाव विचारायचं राहिलं.
जनसंपर्कात हे
पहिल्या दिवशी शिकवायला हवं होतं.