लाल पट्टा

दर ऑक्टोबरात, आटून आटून
लुआंग्वा नदीची नुसती पन्हळ उरली
की एक हत्ती रिसॉर्टच्या फाटकाशी येतो,
पाटीला पाठ घासतो
आणि पाटी पडते.
मग मला बोलावणं येतं.
मी योतामु न्जोव्हू. न्जोव्हू म्हणजे हत्तीच.
तो पाडतो, मी रंगवतो,
अशी ही आमची भाऊबंदकी;
तिच्यावर माझ्या घरात मक्याचं पीठ येतं.

मजकूर मॅनेजरबाई टाइप करून देतात.
अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने जाऊ नये.
फळं आत ठेवू नयेत.
पाणघोडा आणि पाणी यांच्या मधे उभं राहू नये.
इंग्रजी, इटालियन, यंदापासून चिनी.
चिनी अक्षरं मी पक्ष्याने घरटं बांधावं तशी काढतो,
काडी काडी मोजून.
आमच्या भाषेत पाटी नाही.
"तुम्हाला काय सांगायचं?" बाई म्हणतात,
आणि ते खरंही आहे.

मागच्या साली जबडा उघडा काढला होता,
सुळे माझ्या मनगटाएवढे.
पाहुण्यांना वाटलं, हसतोय.
त्याच्याशेजारी फोटो निघू लागले.
एका म्हाताऱ्या जोडप्याने मलाही ओढलं,
आम्ही तिघं आणि तो, सगळ्यांचेच दात बाहेर.
यंदा बाई म्हणाल्या, जरा रागीट कर.
मी भुवया दिल्या.
पाणघोड्याला कुठल्या भुवया?
तो रागावतो तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलत नाही.
हे पत्र्यावर कसं काढतात, मला माहीत नाही.

रात्री पाहुण्यांना जेवायला नेताना
पुढे टॉर्चवाला, मागे बंदूकवाला.
वाट चाळीस पावलांची.
आणि पहाटे चारला माझी बहीण मेलेसिया
लाँड्रीत कामाला निघते, त्याच नदीच्या काठाने,
सात किलोमीटर,
पुढे काळोख, मागे काळोख,
मोबाइलचा उजेड, तोही बॅटरी राखून.

थंडीतल्या एका पहाटे तिला आधी वास आला.
मग गवत ओरबाडल्याचा आवाज, उजवीकडून.
नदी डावीकडे.
नियम तिला पाठ होता, माझाच हात लागलेला.
ती म्सिकिझीच्या झाडावर चढली
आणि ऊन वर येईतो चढलेलीच राहिली.
खाली तो चरत होता, सवडीने.
सवड तिला नव्हती.
रजिस्टरात उशीर लागला, अर्धा दिवस कापला.
कारणाचा रकाना बोटभर रुंद.
"झाडावर"
एवढंच त्यात मावलं.

यंदा पाटी झाली, डब्यात लाल रंग उरला.
परत करायचा असतो. केला नाही.
रविवारी मेलेसियाबरोबर तिच्या वाटेने गेलो.
ती एकेका झाडाखाली थांबायची,
फांदीला लोंबकळून बघायची.
"हे नको, मुंग्या आहेत."
"हे चालेल, पण एस्नार्ट चढू शकणार नाही,
तिला सातवा लागलाय."
ती चालेल म्हणाली त्या बुंध्याला मी पट्टा मारला,
छातीएवढ्या उंचीवर, काळोखातही दिसेल इतका जाड.
सात किलोमीटरांत अकरा झाडं.
दोन ठिकाणी तर अर्ध्या अर्ध्या तासाची वाट
आणि एकही नाही.
तिथे आम्ही दोघं नुसतेच उभे राहिलो.
मी ब्रश गवताला पुसला.
हत्ती गेला, शेपूट राहिलं, म्हणावं,
तर इथे शेपटाचंच वजन जास्त.

परवा जीपमधल्या एका पाहुण्याने विचारलं,
त्या झाडांना लाल पट्टे कसले?
गाईड आमच्याच गावचा.
म्हणाला, कीड लागलीय, सर. खूण केलीय.
पाहुणा हळहळला.
कॅमेरा खाली घेऊन बराच वेळ मागे बघत राहिला,
मग म्हणाला,
वाचतील ना?
बघू, सर, गाईड म्हणाला,
आणि त्याने गिअर बदलला.