चौदा रात्री

नकाशावर हिरवं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, कोल्बी.
हिरव्याहिरव्यात फरक असतो.
गडद हिरवं ते जंगल, तिथे आता पैसे घेतात.
फिकट हिरवं ते कुणाचं तरी कुरण, तिथे कुत्रा समाचार घेतो.
तुला हवं ते तिरक्या रेघांचं,
बदकांसाठी आणि बदकं मारणाऱ्यांसाठी
सरकारने राखून ठेवलेलं.
माणसाने तिथे पाठ टेकली तर हरकत नाही,
असं नियमांत आहे. अकराव्या पानावर, बारीक अक्षरांत.

डांबर संपलं की काच खाली कर.
खडी जाड झाल्याचं टायरला आधी कळतं.
मग तपकिरी पाटी, उडत्या हंसाची,
हंसाच्या पोटात छर्ऱ्यांची तीन भोकं.
तिथून डावीकडे. फोन उजवीकडे म्हणेल.
तो इथे कधी झोपलेला नाही.

जागा म्हणजे काय,
एक लोखंडी कडं, त्यात भिजलेली राख,
दाबलेलं गवत, रिकामी लाल काडतुसं.
नळ नाही, संडास नाही, दिवा नाही.
आणि दार वाजवून 'अजून किती दिवस?' विचारणारं कुणी नाही.
ही सोय पाटीवर लिहीत नाहीत.

पहाटे चारला उजेड अंगावर येईल. बदकवाले असतात.
नारिंगी जाकीट आरशाला टांगून ठेव,
आत जीव आहे एवढं त्यांना कळलं की पुरे.

फाटकापाशी पत्र्याची पेटी, दोरीला पेन्सिल, बोटभर.
नाव, गाडीचा नंबर, किती रात्री.
आणि हेतू: शिकार, मासेमारी, पक्षी, इतर.

कोंबड्यांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी
मी 'पक्षी'वर खूण केली.
'इतर' लिहायला हात धजेना.
आयुष्यभर पक्षी सोलले होते, तेव्हा खोटंही नव्हतं अगदी.

चौदाव्या संध्याकाळी ओडेगार्ड आला, वनखात्याचा.
गाडीच्या मागच्या काचेतून त्याला सगळं दिसलं असणार:
उशी, तवा, इस्त्री.
इस्त्री कशाला घेतली होती मी, देव जाणे.
म्हणाला, "किती प्रकार दिसले?"
मी म्हटलं, चार.
बदक, दुसरं बदक, कावळा, आणि एक तपकिरी.
त्याने ते वहीत लिहून घेतलं. हसला नाही.
म्हणाला, "नदीपलीकडे दुसरा जिल्हा लागतो.
तिथे मोजणी पुन्हा एकपासून."
आणि जाताना, गाडी चालू करून:
"तपकिरी शेपूट हलवत होता का?"

आता हे मला कसं ठाऊक असणार!
पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं.
हलवत होता.

बर्फ पडेपर्यंत पाच जिल्हे झाले.
एकसष्ट प्रकार. खंड्या तीनदा, पण तो एकदाच धरलाय.
वही तुझ्या सीटखाली ठेवली आहे,
पाण्याच्या कॅनच्या मागे. कॅन भरून घे,
ओढ्याचं पाणी उकळूनही चिखलच लागतं.

तुझ्या आईला मी हे कधी बोलले नाही.
तिने विचारलं तर मासेमारी म्हण.
पक्षी म्हणालास
तर तिला लगेच कळेल.