परतीचं क्रियापद

दाउगाव्पिल्सला जुलैत अंधार असा पडतच नाही.
रात्री साडेदहालाही ट्राममधल्या बायांच्या पिशव्यांतून
शेपूच्या जुड्या ओळखू येतात.

आम्ही सहा जण, ग्लासगोहून,
रशियन शिकायला आलो लाटव्हियात.
सीमेपलीकडे जायचे दिवस नव्हते ते,
म्हणून विद्यापीठाने अलीकडेच उतरवलं,
जिथे ती भाषा अजून
भाजीबाजारात घासाघीस करते.

मी आणि यूअन राहायला रिम्मा तिमोफेयेव्नांकडे.
चौथा मजला, लिफ्ट नाही,
उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, अपशकुन होतो.
पहिल्याच संध्याकाळी यूअनने ऐटीत सांगितलं,
आपण रोज झोपण्याआधी थोडं लिहितो.
आघात पडला भलत्या अक्षरावर.
ध चा मा झाला,
आणि बाईंनी चकार शब्द न काढता
त्याच्या गादीवर मेणकापड अंथरलं.

सकाळी वर्ग.
इन्ना ग्लेबोव्हना फळ्यावर दोन बाण काढते.
एक जातो तो जातोच.
दुसरा जातो, वळतो,
निघाल्या जागी येऊन टेकतो.
दोन्हींना वेगवेगळी क्रियापदं,
पुन्हा पायी वेगळं, गाडीने वेगळं.
"तुमचं एका 'जाणे'त सगळं भागतं," म्हणाली,
"किती निष्काळजी माणसं!"
कॅट्रिओनाने हात वर केला:
गेलेला परत येणार की नाही
हे कुणालाच ठाऊक नसेल, तर?
इन्ना ग्लेबोव्हनाने खडू ठेवला, बोटं झटकली.
"ते उद्या घेऊ."
उद्या विभक्ती घेतली.

घरात नात, स्नेझाना, बारा वर्षांची.
तिची शाळा आता सगळी लाटव्हियनमध्ये.
आजी रशियनमधून विचारते,
ही लाटव्हियनमधून उत्तर देते,
मध्ये सूप निवत राहतं.
पण आमचा आघात चुकला
की कानांवरचा हेडफोन न काढता
बरोबर उच्चार भिंतीकडे बघून सांगते.
फ्रिजवर तिच्या बापाचा फोटो,
आयर्लंडमधल्या मशरूमच्या शेडमध्ये,
डोक्यावर कागदी टोपी.
नऊ वर्षांचा जुना फोटो,
चुंबक मात्र नवा.

शनिवारी गावाबाहेरच्या बागेत गेलो.
काकड्या खारवायच्या होत्या.
बेदाण्याच्या झुडपाची पानं, लसूण, जाडं मीठ,
आणि बाईंचा सुरा, ज्याची मूठ
तीनदा चिकटपट्टीने बांधलेली.
यूअन, शांतता सहन न होणारा यूअन,
वाक्य मनात जुळवून जुळवून म्हणाला:
"तुमचा मुलगा आयर्लंडला गेला होता, ना?"

बाण चुकला.
त्याने दुसरा सोडला,
जाऊन आलेला.

सुरा थांबला.
स्नेझानाने एका कानावरचा हेडफोन सरकवला,
दुरुस्त करायला तोंड उघडलं,
आणि आजीने त्या उघड्या तोंडात
काकडीचा तुकडा कोंबला.
"खा."
मग यूअनकडे वळून, हळू, स्पष्ट,
परक्यांशी बोलतात तसं नव्हे:
"हो. गेला होता."
त्याचंच क्रियापद. त्याचाच काळ.
मी मातीत गुडघे टेकून बसले होते.
पुस्तकातला नियम पाठ होता मला,
पान क्रमांकासकट.

परीक्षेत यूअनचे तिथेच चार गुण गेले.
मला पूर्ण मिळाले.
त्याला मी अजून सांगितलेलं नाही
की तो कुठे चुकला होता.

निघताना बाईंनी एक बरणी दिली,
टॉवेलात गुंडाळून, बाळासारखी.
रीगाच्या विमानतळावर ती अडवली:
काकड्या चालतील, पाणी नाही.
तेव्हा तिथेच, पट्ट्याच्या कडेला उभं राहून,
बूट हातात, मोज्यांवर,
आम्ही एकेक काकडी काढून खाल्ली.
हनुवटीवरून खारं पाणी.
मागची रांग खोळंबली.
गणवेशातली बाई आधी लाटव्हियनमधून ओरडली,
मग वास तिच्यापर्यंत पोहोचला असावा,
भाषा बदलली तिने, आवाज उतरला:
"घरच्या?"

"घरच्या," आम्ही म्हणालो,
दोघेही एकदम,
आघात बरोबर जागी.