खाट चौदा

चौऱ्याऐंशी सालचं बाड सोडलं
तर वाळवीनं आधीच वाचून काढलेलं.
तिनं तारखा खाल्ल्यात, रोग तसेच ठेवलेत.

रेकॉर्ड रूममध्ये मला एकवीस वर्षं झाली,
मी अक्षरावरून डॉक्टर ओळखते.
हा मोठा साहेब. टाक खुपसून लिहितो,
ओळीच्या शेवटी शिंतोडा,
जखमेतनं हात काढून तसाच कागदाकडे वळल्यासारखा.

रकाने इंग्रजीत, आठ.
नंबर, नाव, जात, वय, राहणार, काय झालं, किती दिवस.
आणि शेवट.
शेवटाला चार शब्द पुरतात सगळ्या नागपूरला:
बरा, बरासा, मेला, पळाला.

खाट चौदा. एप्रिल.
नाव: नाही.
कोष्टीण, वय तीसच्या आसपास, राहणार टिमकी.
उजव्या हाताची दोन बोटं गिरणीच्या चक्रात.
रुमालावर क्लोरोफॉर्म, कार्बोलिकचं पाणी,
वरून जवसाचं पोटीस.
जवस!
आपण जे भाजून, कुटून
भाकरीशी खातो, ते
मनगटाला बांधून ती निजली
वाळ्याच्या ताट्यांपासून लांब, भिंतीकडच्या खाटेवर.

तिसऱ्या दिवशी विद्यार्थी आणले, सहा जण.
"बोटे नाहीत, तरी बोटांत ठणकते असे सांगते.
प्रत्येकाने स्वतः विचारून घ्यावे."
सहा वेळा तिनं डावा हात उचलून
दाखवली असेल रिकामी जागा.
पाचव्या वेळी हसली असेल का?
मला उगीच वाटतं, हसली असेल.

नववा दिवस. शेवट: पळाली.

पान उलटणारच होते,
तर समासात आडवी, शिसपेन्सिलीची मोडी.
बाबा कोर्टात जुनी खतं वाचून देत;
त्यांच्या मांडीशी बसून शिकलेली अक्षरं
एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा कामाला आली:

"नाव पुसले तेव्हा बाई निनावे म्हणाली.
दुभाष्याने साहेबास सांगितले, नाव नाही.
निनावे हे आडनाव. आमच्याच आळीत त्यांची दोन घरे.
बाई भागरथा. पळाली नाही.
लुगडं मागावर अर्धं हाये, उतरवतो न् येतो, म्हणाली.
दार मी उघडले.
बारापात्रे, शिकाऊ."

मे बघितला, जून बघितला.
खाट चौदावर एक शिपाई, मग हिवताप, मग कुणाचं पोर.
भागरथा नाही.
आठ बोटांनी लुगडं उतरतं का,
हे विचारायला टिमकीत आता माग कुठे आहेत.
पुढच्या वर्षीच्या शिकाऊंच्या यादीत
बारापात्रेही नाही.

स्कॅन करणारा पोरगा म्हणतो,
मॅडम, समास कापला जातो, मजकूर तेवढा येते.
म्हटलं, बाळा, चौकट मोठी कर.
तो म्हणाला, फाइल जड होते.
होऊ दे.

नावाच्या खणात मी टाइप केलं: भागरथा निनावे.
शेवटाचा खण रिकामा आहे,
तो भरल्याशिवाय पुढची नोंद उघडत नाही.
क्लिक केलं की खाली चार शब्द लोंबतात,
तेच चार.

दीड वाजला. पोरगा डबा घेऊन गेला.
स्क्रीनवर कर्सर लुकलुकतोय,
मी माउसवरचा हात काढून
मांडीवर ठेवलाय.