विजातीय

शंभर ग्रॅम नमुन्यात
खडे दोन, काडीकचरा चिमूटभर,
एक सोंडकिडा, मेलेला,
आणि एक दाणा, जो मसूर नव्हता.

वाटाण्याहून बारका, काळपट, गोल,
तळहातावर घेतला तर थांबेना,
रेषेपर्यंत घरंगळत जाऊन तिथे बसला.

तुर्भ्याच्या दाणाबंदरात, गाळ्याच्या माळ्यावर
मी दिवसभर हेच करते.
चिमट्यानं वेगळं काढायचं, वजन करायचं,
रकान्यात लिहायचं : विजातीय.
विसनजीभाई खालून ओरडतात, किती निघालं?
टक्का वाढला की भाव पडतो.

गोणी मेर्सिनची.
न्हावाशेव्याला उतरलेली,
आठवडाभर कंटेनरात उकडलेली.
कॉलेजच्या जुन्या वहीत मी शोधलं,
पाण्यानं फुगलेल्या पानावर सापडलं :
विशिया. नार्बोनची.
भूमध्य समुद्राकाठची, कमी पावसाची,
गुरांपुढे टाकतात, माणसं फारशी शिवत नाहीत.
खाली माझंच अक्षर, शाईचं :
प्रथिने भरपूर. उपेक्षित.
परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता.

दाणा मी कचऱ्यात टाकला नाही.

मासळीवाल्याचा थर्माकोलचा खोका,
पारसिकच्या पायथ्याची मुरमाड माती,
एसीच्या नळीखाली ठेवला, थेंब मोजून.
हिवाळा म्हणाल तर तुर्भ्यात
तो पहाटे साडेपाच ते सहा असतो.
तेवढ्यात तिनं भागवलं.
चौकोनी देठ, रुंद पानं,
टोकाला एक तणाव, हवेत चाचपडणारा.
मी त्याला लेबलाची सुतळी दिली.
जानेवारीअखेर फुलं आली,
वांगी रंगाची, पण उदास,
कुणी बघू नये अशी खाली मान घातलेली.

खाली गोण्या निवडणाऱ्या देवकाबाई नेवारे
गुडघा धरत जिना चढून आल्या.
पानाला हात लावला, शेंग उजेडात धरली,
कडेचे बारीक दात बोटानं पाहिले.
'आमच्याकडं लाखोरी असते,' म्हणाल्या,
'धान उभा असतानाच चिखलात फेकत.
ना नांगर, ना पानी.
मंग म्हनले, हिनं मानूस लुळा होते.
डार लपवून शिजवाची मायनं.'
थोड्या थांबल्या.
'जास्त खाल्ली त होते. तेवढं खरं आहे.'

आमच्याकडे पेणला कडवे वाल.
रात्रभर भिजत, मग फडक्यात बांधून मोड,
मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा.
ताटभर बिरड्याला घरातल्या तीन बायका
आणि एक अख्खी दुपार.
कडूपणा असाच जातो कुठल्याही दाण्याचा,
त्याच्यासमोर कुणीतरी बसावं लागतं.
हिच्यासमोर कोण बसलं असेल?
एखादी म्हातारी, अंगणात, कुठल्या तरी टेकडीवर,
आणि मग मुलगी शहरात गेली असेल.

मार्चच्या उन्हानं झाड वाळलं.
उपटलं तेव्हा मुळांवर गाठी होत्या,
नखानं फोडल्या, आत गुलाबी,
बाळाच्या हिरडीसारख्या.
थर्माकोलच्या खोक्यातही
तिनं मातीला काहीतरी देऊन ठेवलं होतं.
दाणे निघाले सात.

देवकाबाईंनी तीन मागितले.
स्टीलच्या डब्यात भिजवले,
तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून.
कामगारांच्या स्टोव्हवर शिजवले, मीठ तेवढं.
एक त्यांनी, एक मी, एक अर्धा-अर्धा.
लसणाच्या शिळ्या सालीचा वास,
जिभेच्या मागे गंधक,
आणि त्याच्याही मागे, फार मागे,
चवळीसारखं काहीतरी.
'अजून दोन पानी लागते,' देवकाबाई म्हणाल्या.
वाईट आहे असं म्हणाल्या नाहीत.

उरलेले चार काडेपेटीत आहेत,
वजनकाट्याच्या खणात, चिमट्याशेजारी.
काल मेर्सिनची नवी गोणी आली.
नमुन्यात काळे दाणे दोन.
लिहिताना पेन जरा थांबलं,
विसनजीभाई खालून ओरडले, किती निघालं?

शून्य, मी म्हटलं.
आता काडेपेटीत सहा.